चाकांवरच्या घराची भिंत

प्रास्ताविक

भिंतीवर फळी लावणे, कपाट टांगणे, आरसा किंवा दिवा बसवणे ही कामे प्रत्येक घरात केव्हा ना केव्हा करावीच लागतात. भिंतीत भोक पाडावे, त्यात प्लग ठोकावा आणि स्क्रू पिळावा, एवढी या कामाची रीत बहुतेकांना माहीत असते. परंतु घर चाकांवर असेल आणि ते खाचखळग्यांच्या रस्त्याने धावणार असेल, तर ही रीत पुरेशी ठरत नाही. मोटारीच्या मागे जोडून नेल्या जाणाऱ्या फिरत्या घराला कॅम्पर ट्रेलर म्हणतात. राहण्याची सोय गाडीतच असेल, तर तिला कॅम्पर व्हॅन किंवा मोटार कॅरव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. बंगळुरूमध्येही अशी फिरती घरे तयार करण्याचे काम चालते. सुतार, फिटर आणि वायरमन या कारागिरांसाठी हे कामाचे नवे क्षेत्र आहे. या घरांच्या भिंतींवर वस्तू सुरक्षितपणे कशा बसवाव्यात, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे.

१. दोन प्रकारच्या भिंती

जुन्या वाड्याची भिंत हातभर रुंद असे. तिच्यात दिव्यासाठी कोनाडा ठेवलेला असे, भांड्यांसाठी फडताळ असे आणि लाकडी खुंटी खोलवर ठोकलेली असे. त्या खुंटीला धान्याची पिशवी अडकवली, तरी भिंतीला त्याचे काही वाटत नसे. आजची विटांची किंवा काँक्रीटची भिंत त्या मानाने पातळ असते. तरीही ती आतून भरीव असते. तिच्यात कोठेही भोक पाडले, तरी स्क्रूला धरून ठेवणारे काहीतरी आत मिळते.

कॅम्पर ट्रेलरची भिंत अशी नसते. तिची एकूण जाडी बहुधा तीन-चार सेंटिमीटर असते. बाहेरून ॲल्युमिनियमचा किंवा फायबरग्लासचा पातळ पत्रा, आतून तीन ते सहा मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडचे अस्तर आणि या दोहोंच्या मध्ये उष्णता अडवणारा फोम, अशी तिची रचना असते. फोमच्या बरोबरीने मधूनमधून लोखंडी चौकोनी पाइप किंवा लाकडी पट्ट्या उभ्या-आडव्या बसवलेल्या असतात. हा या घराचा सांगाडा होय. भार पेलण्याचे काम हा सांगाडा करतो. अस्तर केवळ आतील बाजू झाकते.

घरे सजवण्याच्या कामात मुरलेला सुतार पहिल्यांदा अशा गाडीत काम करू लागतो, तेव्हा त्याची चूक नेमकी येथेच होते. अस्तरात स्क्रू सहज शिरतो, घट्टही बसल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात सहा मिलिमीटरच्या प्लायमध्ये त्याचे तीन-चार आटेच रुतलेले असतात आणि त्यापलीकडे नुसता फोम असतो. कारखान्याच्या अंगणात उभ्या असलेल्या गाडीत ते कपाट महिनोन्महिने टिकेल. गाडी रस्त्याला लागली की त्याची खरी परीक्षा सुरू होते.

२. पातळ भिंतींची नगरी

पातळ भिंतीवर जड वस्तू कशी पेलावी, हा प्रश्न बंगळुरूच्या कारखान्यांना नवा नाही. सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद यांनी तत्कालीन म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने १९४० मध्ये या शहरात विमानांचा कारखाना उभारला. तोच पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्स म्हणून प्रसिद्ध झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर याच कारखान्यात रेल्वेचे डबेही तयार होऊ लागले. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या भारत अर्थ मूव्हर्स या सरकारी कंपनीकडे डब्यांचे हे काम गेले. ‘आर्यभट्ट’ हा भारताचा पहिला उपग्रह याच शहरातील पीन्या औद्योगिक वसाहतीतील शेडमध्ये तयार झाला आणि १९ एप्रिल १९७५ रोजी त्याने अवकाशात झेप घेतली.

विमान, रेल्वेचा डबा आणि उपग्रह या तिघांत एक साम्य आहे. तिघांचेही कवच पातळ व हलके असते आणि तिघांनाही हादरे सोसावे लागतात. त्यामुळे यांतील कोणतीही जड वस्तू नुसत्या पत्र्यावर बसवत नाहीत. विमानात ती सांगाड्याच्या फासळ्यांना जोडली जाते. उपग्रहांच्या अनेक भिंती मधमाशांच्या पोळ्यासारख्या पोकळ गाभ्याच्या असतात. जेथे यंत्र बसवायचे असेल, तेथे त्या गाभ्यात धातूची भरीव बोंडे आधीच चिकटवून ठेवतात आणि त्यांतच बोल्ट पिळतात. उड्डाणापूर्वी उपग्रहाला कंपनयंत्रावर ठेवून मुद्दाम हादरे दिले जातात. कॅम्पर ट्रेलर बांधणाऱ्याने या परंपरेतून दोन गोष्टी उचलाव्यात. भार सांगाड्याकडे न्यावा, आणि काम पुरे झाले असे म्हणण्यापूर्वी ते हलवून पाहावे.

३. धावत्या गाडीत भार कसा वाढतो?

उभ्या घरातील दहा किलोची वस्तू भिंतीवर दहा किलोचाच भार टाकते. धावत्या गाडीत तसे होत नाही. चाक खड्ड्यात आपटते, तेव्हा गाडी एकदम खाली जाऊन वर उसळते. त्या क्षणी वस्तूचा भार दुपटी-तिपटीने वाढू शकतो. पुढच्याच क्षणी वस्तू वर उचलली जाते. म्हणजेच पकड खालच्या दिशेने पुरेशी असून चालत नाही. ती वर, पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंनाही असावी लागते.

गाडी थांबवताना काय घडते, तेही पाहू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी चालकाने जोरात ब्रेक दाबून २० मीटरच्या आत थांबवली, तर दहा किलोची वस्तू सुमारे सात किलो वजनाइतक्या जोराने पुढे ओढली जाते. हीच गाडी कशावर तरी आदळून अवघ्या ७० सेंटिमीटरमध्ये थांबली, तर तो जोर सुमारे २०० किलो वजनाइतका होतो. मायक्रोवेव्हची भट्टी किंवा पाण्याने भरलेली टाकी अशा वेळी भिंतीवरून सुटली, तर समोर बसलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकते. ओढून नेल्या जाणाऱ्या ट्रेलरमध्ये प्रवासाच्या वेळी माणसांनी बसू नये, याचे हेही एक कारण आहे. मुक्कामी पोहोचल्यावरही धोका संपत नाही. दिवसभराच्या धक्क्यांनी सैल झालेले कपाट रात्री झोपलेल्या माणसाच्या अंगावर येऊ शकते.

भार वाढण्याचे आणखी एक कारण म्हणजे तरफ. समजा, दहा किलो सामान ठेवलेल्या फळीचा गुरुत्वमध्य भिंतीपासून १५ सेंटिमीटर पुढे आहे. फळीखालच्या कंसाच्या वरच्या स्क्रूपासून खालच्या टोकापर्यंतचे अंतर २० सेंटिमीटर आहे. तर वरचा स्क्रू भिंतीतून बाहेर ओढला जाण्याचा जोर असा निघेल :

१० × १५ ÷ २० = ७.५ किलो

खड्ड्यात भार तिप्पट झाला असे धरले, तर हा जोर २२.५ किलो होतो. आता कंसाची उंची २० ऐवजी १० सेंटिमीटर केली, तर हाच जोर ४५ किलोवर जातो. म्हणून कंस उंच असावा, फळी अरुंद असावी आणि जड वस्तू भिंतीलगत ठेवावी. या साध्या हिशेबासाठी कागद-पेन्सिल पुरते. मात्र तो भोक पाडण्याच्या आधी करावा लागतो.

४. सांगाडा शोधणे

वस्तू कोठे बसवावी, हे डोळ्यांना सोयीचे काय दिसते त्यावरून ठरवू नये. आतला सांगाडा कोठे आहे, त्यावरून ठरवावे. सांगाडा लोखंडी असेल, तर अस्तरावरून लोहचुंबक फिरवावे. पाइप जेथे असेल, तेथे ते ओढ घेते. सांगाडा लाकडी असेल, तर बोटाच्या पेराने भिंत ठोकत जावे. पोकळ जागी आवाज घुमतो, भरीव जागी तो बसका येतो. बाहेरच्या पत्र्यावरील रिव्हेटांची रांग आणि आतल्या अस्तरावरील स्क्रूंची रांग यांवरूनही पट्टी कोठून गेली आहे, ते कळते. सापडलेल्या पट्ट्यांवर पेन्सिलीने रेघा मारून ठेवाव्यात.

गाडी नव्याने बांधली जात असेल, तर काम याहून सोपे असते. अस्तर ठोकण्यापूर्वीच कपाट, दिवा, अग्निशामक नळकांडे यांच्या जागा ठरवाव्यात आणि तेथे सांगाड्याला जाड प्लायच्या किंवा धातूच्या आडव्या पट्ट्या जोडून ठेवाव्यात. नंतर उघड्या भिंतीचे छायाचित्र मोजपट्टीसह काढून गाडीच्या कागदपत्रांत ठेवावे. पाच वर्षांनी दुरुस्तीला येणारा कारागीर त्या छायाचित्रासाठी पहिल्या कारागिराचे आभार मानील.

५. वस्तू बसवण्याच्या रीती

वस्तूचे वजन आणि जागा पाहून पुढीलपैकी योग्य ती रीत निवडावी.

(अ) भार जमिनीवर, तोल भिंतीवर : उंच कपाट, शीतकपाट, पाण्याची टाकी अशा जड वस्तू भिंतीला टांगू नयेत. त्यांचे वजन जमिनीवर टेकवून तेथेच बोल्टने पक्के करावे. वस्तू कलंडू नये एवढ्यापुरताच भिंतीचा आधार घ्यावा. जड वस्तू शक्य तितक्या खाली आणि ट्रेलरच्या आसाजवळ ठेवाव्यात. आसाच्या मागे फार वजन गेले, तर ट्रेलर धावताना शेपटीसारखा डोलू लागतो आणि ओढणारी गाडीही ताब्यात राहत नाही.

(आ) थेट सांगाड्यात : डोक्याच्या उंचीवरची लहान कपाटे आणि फळ्या सांगाड्याच्या पट्टीतच बसवाव्यात. लाकडी पट्टीत आधी स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडावे, म्हणजे लाकूड चिरत नाही. लोखंडी पाइपची जाडी कमी असल्यामुळे त्यात साधा स्क्रू फार काळ टिकत नाही. तेथे रिव्हेट-नट वापरावा. हा नट एका बाजूने भोकात घालून विशिष्ट हत्याराने दाबला की आतून फुगतो आणि पाइपला घट्ट धरतो. मग त्यात बोल्ट पिळता येतो.

(इ) दोन पट्ट्यांवर आडवी पट्टी : हव्या त्या जागी सांगाडा नसेल, तर शेजारच्या दोन उभ्या पट्ट्यांना जोडणारी १२ किंवा १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायची आडवी पट्टी लावावी आणि वस्तू तिच्यावर बसवावी. यामुळे भार दोन्ही पट्ट्यांत विभागला जातो.

(ई) आरपार बोल्ट : काही गाड्यांच्या भिंतींत सांगाडाच नसतो, दोन पातळ पत्र्यांमध्ये फोम दाबून केलेले तयार फलक जोडलेले असतात. अशा भिंतीत बोल्ट आरपार घेऊन दोन्ही बाजूंना रुंद धातूची पट्टी द्यावी. बोल्ट आवळताना फोम दबून भिंतीला खळगा पडू नये, म्हणून भोकात भिंतीच्या जाडीएवढी नळी घालावी.

(उ) चिकटवणे : टॉवेलची कडी, हलका दिवा, लहान आरसा अशा वस्तूंसाठी बळकट दुहेरी फोम-टेप किंवा पॉलियुरेथेन गोंद चालतो. पृष्ठभाग धूळ आणि तेल काढून स्वच्छ पुसावा आणि उत्पादकाने सांगितलेला वेळ जाईपर्यंत वस्तूवर भार देऊ नये. उन्हात तापलेल्या गाडीत टेपची पकड कमी होते. म्हणून डोक्यावरची जड वस्तू केवळ गोंदावर कधीही सोडू नये.

कपाट पक्के बसले, तरी त्याचे दार उघडे राहता कामा नये. साधे चुंबकी खटके धक्क्याने सुटतात. म्हणून दाबल्याशिवाय न उघडणारी कडी लावावी. फळ्यांना पुढून कठडा द्यावा.

६. भोक पाडण्यापूर्वी

चाकांवरच्या घराच्या भिंतीत फोमच्या सोबतीने विजेच्या तारा जातात आणि काही ठिकाणी पाण्याच्या व गॅसच्या नळ्याही जातात. म्हणून ड्रिल हातात घेण्यापूर्वी बॅटरीची जोडणी काढावी, बाहेरून घेतलेला वीजपुरवठा बंद करावा आणि गॅसच्या सिलिंडरची झडप बंद करावी. दिव्याच्या बटणाच्या वर-खाली आणि शेगडीच्या आसपास भोक पाडणे टाळावे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. त्यासाठी तळाशी ठेवलेली हवेची झरोकी कोणत्याही कपाटाने झाकू नये. सिलिंडर उभाच ठेवून पट्ट्याने पक्का बांधावा.

ड्रिलच्या टोकाला हव्या त्या खोलीवर रंगीत चिकटपट्टी गुंडाळावी आणि पट्टी भिंतीला टेकताच थांबावे. एवढी काळजी घेतली नाही, तर टोक बाहेरच्या पत्र्यातून निघते आणि भिंतीला कायमचे भोक पडते. डोळ्यांवर चश्मा चढवल्याशिवाय धातूत भोक पाडू नये.

७. कंप, पाणी आणि गंज

बसवलेली वस्तू तीन शत्रूंमुळे सैल होते. पहिला शत्रू कंप. जोडलेले दोन भाग एकमेकांवर आडवे सरकू लागले की घट्ट आवळलेला नटही आपोआप उलटा फिरतो, असे गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये प्रयोगाने दाखवले. यावर उपाय म्हणजे नायलॉनचे कडे असलेले नट वापरणे किंवा आट्यांवर पकड घेणारा द्रव लावणे. नट आवळल्यावर नट आणि बोल्ट यांवरून रंगाची एक सरळ रेघ ओढावी. पुढे ती रेघ तुटलेली दिसली, तर नट फिरला असे समजावे.

दुसरा शत्रू पाणी. बाहेरच्या पत्र्याला पडलेल्या प्रत्येक भोकातून पावसाचे पाणी आत शिरू पाहते. ते फोममध्ये मुरते, लाकूड कुजते आणि स्क्रूची पकड आतल्या आत नाहीशी होते. बाहेरून मात्र सर्व ठाकठीक दिसते. म्हणून आरपार गेलेला प्रत्येक बोल्ट लवचीक सीलंट भरून बंद करावा. ओल येण्याचा संभव असेल तेथे ‘आयएस ७१०’ या मानकाचे मरीन प्लाय वापरावे.

तिसरा शत्रू गंज. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तेथून निघालेली गाडी चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव असा प्रवास करून आंबोलीच्या घाटाने सावंतवाडीला उतरते, तेव्हा कोरड्या पठारावरून ती खाऱ्या, दमट हवेत येते. ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना भिडून अशा हवेत राहिले, तर ॲल्युमिनियम झिजू लागते. दोहोंच्या मध्ये नायलॉनचा वॉशर किंवा सीलंटचा थर दिल्यास ही झीज टळते.

८. परीक्षा आणि जबाबदारी

काम संपल्यावर वस्तू हाताने सर्व दिशांना जोर लावून हलवून पाहावी. फळीवर नेहमीच्या सामानाच्या दुपटीने भरलेली वाळूची पिशवी काही तास ठेवावी. त्यानंतर गाडी खराब रस्त्यावरून हळूहळू काही किलोमीटर फिरवून आणावी. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सर्व नट पुन्हा तपासावेत आणि पुढे प्रत्येक मोठ्या प्रवासापूर्वी ही तपासणी करावी.

कायद्यानेही या गोष्टीची दखल घेतली आहे. मोटार कॅरव्हॅनसाठी असलेल्या ‘एआयएस-१२४’ या भारतीय वाहन-मानकानुसार अशा गाडीत बैठक व मेज, झोपण्याची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवण्याची सोय असावी लागते. हे सर्व साहित्य गाडीला पक्के जोडलेले असले पाहिजे. केवळ मेज सहज काढता येण्याजोगे असले तरी चालते. तसेच मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतील मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. म्हणून गाडीच्या रचनेत मोठा फेरफार करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी.

हे ज्ञान केवळ सहलीच्या गाड्यांपुरते नाही. जुलै १९९१ मध्ये मुंबईहून ‘जीवनरेखा एक्सप्रेस’ ही रुग्णालयाची आगगाडी निघाली. मे २०२१ मध्ये, कोविडच्या साथीत, कर्नाटकच्या परिवहन महामंडळाने बसचे अतिदक्षता कक्षात रूपांतर केले. फिरती वाचनालये आणि फिरते दवाखाने गावोगावी जातात. या सर्वांच्या भिंतींवर काही ना काही बसवावेच लागते. पुस्तकांची फळी असो वा प्राणवायूचे नळकांडे, ते ज्याने बसवले तो कारागीर गाडीबरोबर जात नाही. त्याच्या हातचे काम मात्र जाते. त्या गाडीत निर्धास्तपणे झोपणाऱ्या माणसाने त्याला कधी पाहिलेलेही नसते, तरी त्याचा भरवसा त्याच कामावर असतो.

शब्दार्थ

सांगाडा – आतील आधाराची चौकट. अस्तर – आतील बाजूने लावलेला थर. आटे – स्क्रूवरील पिळाच्या कडा. आस – चाके जोडणारा दांडा. गुरुत्वमध्य – वस्तूचा सर्व भार जेथे एकवटला आहे असे मानतात तो बिंदू. विसंगत – न जुळणारे.

स्वाध्याय

१. विटांची भिंत आणि कॅम्पर ट्रेलरची भिंत यांतील फरक चार-पाच वाक्यांत लिहा.
२. ‘भार जमिनीवर, तोल भिंतीवर’ या शब्दांचा अर्थ उदाहरण देऊन स्पष्ट करा.
३. सहा किलो सामानाच्या फळीचा गुरुत्वमध्य भिंतीपासून २० सेंटिमीटरवर आहे आणि कंसाची उंची ३० सेंटिमीटर आहे. वरच्या स्क्रूवर येणारा जोर काढा. खड्ड्यात भार तिप्पट झाल्यास तो किती होईल?
४. वस्तू सैल करणारे तीन शत्रू कोणते? प्रत्येकावर एक उपाय लिहा.
५. आपल्या परिसरातील बस, रिक्षा, टेम्पो किंवा फिरता दवाखाना यांपैकी एक वाहन पाहा. त्यात बसवलेली कोणतीही एक वस्तू कशी जोडली आहे, त्याचे दहा ओळींत वर्णन करा.